वासाचा पाईप

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि लिहितोय ते संडासाच्या टाकीच्या पाईपवर. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मग या. :)

विषय डोक्यात २०२१ पासून आहे. लिहिला नाही, कारण त्यात चूक माझी आहे आणि ती घरात अजूनही कुणी मोठ्याने बोलून दाखवलेली नाही. पण परवा मिरजेच्या चुलतभावाने नव्या घराचे फोटो पाठवले. कृष्णाघाटाकडे घर बांधलंय त्याने. छान आहे, हवेशीर आहे, वहिनीची बाग तर फारच सुंदर. शेवटच्या फोटोत मागचं अंगण होतं. कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा पांढरा पाईप, वर जाळीची टोपी, आणि तो दिसू नये म्हणून पुढे जास्वंदीची मोठी कुंडी. तो फोटो मी दोनतीन वेळा मोठा करून पाहिला. मग त्याला फोन केला, पण फोनवर नीट सांगता येईना. म्हणून इथे लिहितोय. तो इथे अधूनमधून येतो, त्यामुळे वाचेलच. बाकीच्यांनीही वाचावं, विशेषतः ज्यांची घरं नदीच्या जवळ आहेत त्यांनी.

तर आमचं सांगलीचं घर. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, पुढून सात पायऱ्या चढून सोप्यात जायचं. वडिलांनी जोतं मुद्दाम उंच घेतलं होतं, पुराचा हिशोब करून. पण मागचं स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी नंतर बांधली, आणि तेव्हा पैसे संपत आलेले. त्यामुळे मागचा भाग पुढच्यापेक्षा दीड फूट खाली. आतल्या तीन पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात जावं लागतं. लहानपणी त्या पायऱ्यांवर बसून आम्ही भावंडं जेवायचो.

परसात संडासाची टाकी. गल्लीत ड्रेनेज तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आणि टाकीतून वर निघालेला तो बिडाचा पाईप. चांगला बारा फूट उंच, काळा, मधेमधे गंजलेला, वर जाळी. आम्ही त्याला वासाचा पाईप म्हणत असू. त्यावर कावळे बसत. पतंग अडकत. त्याचा उपयोग काय हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं हे कबूल करतो. टाकीत मैला कुजतो, त्यातून मिथेन निघतो, हायड्रोजन सल्फाईड निघतो, त्यांना बाहेर जायला वाट हवी. ती वाट डोक्याच्या वर हवी, म्हणजे वास वाऱ्यावर निघून जातो. शिवाय संडासात पाणी ओतलं की टाकीतली हवा सरकते. तिला पाईपातून ये-जा करता आली नाही तर ती भांड्याच्या वाकात जे पाणी थांबलेलं असतं त्यालाच ढकलते किंवा ओढून घेते. मग घरात वास येतो आणि आपण फिनेल ओतत बसतो.

पुरांचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

सांगलीत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हा घराघरातला विषय. पावसाळ्यात लोक एकमेकांना "जेवलास का" न विचारता "किती फूट झालं" विचारतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. आमच्या पुढच्या सातपैकी चार पायऱ्या बुडाल्या, मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाणी येऊन थांबलं. आईने उंबऱ्यावर बसून कृष्णामाईची ओटी भरली, खण-नारळ पाण्यात सोडला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. (दादा म्हणतो, धरणाचे दरवाजे खाली केले म्हणून उतरलं. आईसमोर म्हणत नाही.) वासाचा पाईप तेव्हा पाण्याच्या दहा फूट वर होता. संडासात काहीही झालं नाही. त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही की काहीतरी व्हायचं राहिलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हाचं काय सांगायचं! आधीच सगळे विश्रामबागला मावशीकडे गेले होते म्हणून माणसं वाचली, सामान नाही. पुढच्या सोप्यातसुद्धा दोन फुटांवर पाणी होतं, मागे स्वयंपाकघरात चार. आठवड्याने परत आलो तेव्हा फ्रीज आडवा पडलेला, गव्हाचं पिंप फुगलेलं, आणि सगळ्यावर तो चिकट राखाडी गाळ. एवढं सगळं गेल्यावर संडासाच्या टाकीचा विचार कोण करणार?

घराची दुरुस्ती काढली. फरशी नवीन, वायरिंग नवीन. टाकीचं झाकण सुटं झालं होतं ते मिस्त्रींनी सिमेंटने पक्कं लिंपून घेतलं. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पुतणीचं लग्न ठरलं. हळद आणि व्याहीभोजन घरीच, मागच्या अंगणात मांडव. मी पुण्याहून चार दिवस आधी गेलो होतो, आणि घरातल्या धाकट्याला असतो तसा मला सगळ्यात लुडबुड करायचा उत्साह. फोटोग्राफर जागा बघायला आला. तो म्हणाला, "जागा मस्त आहे, फक्त तो पाईप प्रत्येक फोटोत येणार."

मी मिस्त्रींना बोलावलं. म्हटलं, हा कापून टाका.

मिस्त्री आमच्याकडे वडिलांपासूनचे. ते पाईपाकडे बघत राहिले. म्हणाले, "साहेब, आसू दे की उंचच. काय खातोय का पितोय?"

मी म्हटलं, वास आला तर बघू.

"वासाचं न्हाई ओ," एवढंच म्हणाले. पुढे काय म्हणणार होते ते मी ऐकून घेतलं नाही. मांडववाला थांबला होता. अर्ध्या तासात पाईप दीड फुटावर कापला, वर प्लास्टिकची जाळीची टोपी बसवली, बाजूला दोन केळीचे खुंट बांधले. फोटो सुंदर आले. अल्बम आहे घरी, कुणीही बघावा. कापलेला तुकडा मागच्या भिंतीला टेकवून ठेवला, भंगारवाल्याला द्यायचा म्हणून, आणि विसरलो.

पुढे करोना आला. २०२१ च्या जुलैत ऑफिस घरूनच चालू होतं, म्हणून मी महिनाभर सांगलीतच होतो. २२-२३ जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलीमीटर पाऊस झाला. ते पाणी कुठे येणार हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. पण अंदाज असा होता की २०१९ एवढं येणार नाही, आणि तो बरोबर ठरला. २०१९ पेक्षा दोन-अडीच फूट कमीच आलं, ५४ फुटांच्या वर. म्हणून आम्ही घरातच थांबलो. खालचं सामान माडीवर नेलं. मागच्या दाराला वाळूची पोती लावली, फटींना चिकणमाती लिंपली, मोरीच्या तोंडाला लाकडी गुडदी ठोकून भोवती चिंध्या कोंबल्या. दादाची तयारी अशी की इंजिनियरने बघून शिकावं. पाणी पायरी-पायरीने चढत होतं आणि आत थेंब नव्हता. आम्ही खूश.

२४ तारीख, शनिवार. गुरुपौर्णिमा होती. स्वयंपाकघरात आईचं देवघर आहे, ओट्याशेजारच्या कोनाड्यात, कमरेएवढ्या उंचीवर. तिने नैवेद्यापुरता शिरा केला होता. बाहेर अंगणात तीन पायऱ्यांएवढं पाणी. म्हणजे दीड फूट. आता आठवतं तेव्हा लक्षात येतं, तेवढ्यालाच माझ्या कापलेल्या पाईपची टोपी बुडाली असणार.

संध्याकाळी संडासातून गुडगुड ऐकू यायला लागली. वहिनी म्हणाली, कुणी पाणी ओतलं का? कुणीच नव्हतं ओतलं. भांड्यात बुडबुडे येत होते, एखाद्याने स्ट्रॉने फुंकर मारावी तसे. वरच्या तोंडाने पाणी टाकीत शिरत होतं आणि तिथली हवा मिळेल त्या वाटेने बाहेर पडत होती. ही पहिली खूण. तेव्हा कळली असती तर हातात अजून दोनतीन तास होते. आम्ही दार लावून घेतलं आणि जेवायला बसलो.

रात्री साडेअकराला दादा बॅटरी घेऊन खाली गेला आणि त्याची हाक आली. ती हाक मी विसरणार नाही, म्हणजे आवाज मोठा नव्हता, नुसतं माझं नाव घेतलं. बाहेर पाणी चौथ्या पायरीच्या वर गेलं होतं. मागचं दार कोरडं होतं. पोती कोरडी होती आतून. आणि संडासाच्या दाराखालून स्वयंपाकघरात ते येत होतं. पाणी नव्हे ते. आम्ही सगळ्यांनी इतक्या वर्षांत जे त्या टाकीत घातलं ते.

वर्णन करत नाही. पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात गुडघ्याच्या थोडं खाली होतं. आतल्या तीन पायऱ्यांपैकी वरची एक तेवढी राहिली. पुढचा सोपा कोरडा ठणठणीत होता. म्हणजे पूर घरात आलाच नव्हता. देवघरापर्यंत पोचलं नाही, पण आईला ते सांगून उपयोग नव्हता. ती वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती, आणि तिने ओटी मागितली नाही. २००५ ला नदी दारात आली तर तिने हळदकुंकू वाहिलं होतं. २०१९ ला नदी तिचा सगळा संसार घेऊन गेली तरी गाळ काढताना ती म्हणाली, मायच आहे, यायचीच. या वेळी ती काही बोलली नाही. माडीवर गेली आणि दोन दिवस खाली आली नाही.

पाणी उतरल्यावर आम्ही ते स्वयंपाकघर किती वेळा धुतलं याला गणती नाही. ब्लीचिंग पावडर, चुना, फिनेल, गोमूत्र, सगळं झालं. भिंतीचा गिलावा तीन फुटांपर्यंत खरवडून नवीन केला. आई त्या स्वयंपाकघरात परत चूल पेटवायला, म्हणजे गॅसच, तयार झाली ती दसऱ्याला. तोपर्यंत देव माडीवर, गॅस माडीवर. वहिनी दिवसातून पंचवीस वेळा जिना चढत होती. तिचे गुडघे तेव्हापासून दुखतात.

मिस्त्री आले. अंगणातल्या त्या दीड फुटी तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा मागितला. दादाही काही बोलला नाही. आजवर बोललेला नाही. माझ्या बाजूने हे एवढं जड का झालंय ते तुम्हाला कळेल.

आता माझं मत. (हा सगळा खटाटोप त्यासाठी.)

आपल्याकडे हा पाईप किती उंच असावा याचा विचार फक्त नाकाने केला जातो. सेप्टिक टँकचं भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्यात म्हटलंय की पाईप निदान ५० मिलीमीटर व्यासाचा हवा, वर डास जाणार नाहीत अशी जाळी हवी, टाकी घरापासून १५ मीटर किंवा जास्त लांब असेल तर साधारण २ मीटर उंची चालेल, आणि त्याहून जवळ असेल तर इमारतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर वर न्यावा. सांगलीत घरापासून १५ मीटरवर टाकी ठेवण्याएवढी जागा कुणाकडे आहे? म्हणजे खरं तर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा पाईप छताच्या वर दिसायला हवा. मी मुद्दाम फिरून पाहिलं. तसे पाईप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळीकडे गुडघ्याएवढे, कमरेएवढे, कुंडीमागे, पाण्याच्या टाकीमागे, एका ठिकाणी तर तुळशी वृंदावनाच्या मागे. कारण तेच, माझंच. दिसायला बरं दिसत नाही.

आणि मानकातली उंचीही वासासाठी आहे, पुरासाठी नाही. नदीकाठच्या गावात तेवढ्यावर भागत नाही. माझं म्हणणं असं की पाईपचं तोंड कुठे असावं हे जमिनीपासून मोजूच नये. तुमच्या भिंतीवर सगळ्यात मोठ्या पुराची जी खूण आहे तिथून मोजावं. आमच्याकडे २०१९ ची खूण दादाने तेलरंगाने रेघ मारून ठेवलीय. तिच्यावर निदान दोन फूट. आणि मानकाने सांगितलेली उंची त्याहून जास्त होत असेल तर ती. दोन्हींपैकी जे जास्त ते.

यावर मला एका मित्राने विचारलं, २०१९ सारखा पूर आला आणि घरातच चार फूट पाणी असलं तर पाईप आभाळाला नेऊन काय उपयोग? काहीही उपयोग नाही. मान्य. पण २०१९ सारखे पूर रोज येत नाहीत. जास्त वेळा येतात ते मधले पूर. २००५ सारखे, २०२१ सारखे, जे पायऱ्यांवर येऊन थांबतात. मोठ्या पुरासाठी आपण घर सोडतो. मधल्या पुरात आपण घरात बसतो, दारं लिंपतो, आणि आपल्याला वाटतं की आपण जिंकलो. नेमकं तेव्हा हे मागच्या वाटेने येतं. जी घरं नदीने सोडलेली असतात ती आपणच घाण करून घेतो. मोठ्या पुराची तयारी सगळे करतात. मधल्याची कुणी करत नाही, कारण मधल्यात "काही होत नाही".

नुसता पाईप उंच करून सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही, मिस्त्री रागावतील. टाकीला चार तोंडं असतात असं ते सांगतात. एक पाईप. दुसरं झाकण. ते घट्ट बसलेलं नसेल तर पाईप उंच करून काय फायदा, पाणी तिथून जाईल. तिसरं टाकीतून शोषखड्ड्याकडे जाणारी वाट. पूर आला की शोषखड्डा भरतो आणि पाणी उलटं टाकीत येतं. पाईपएवढं भसाभस नाही, पण येतं. तिथे एकाच बाजूला उघडणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो. तो बसवला तर पुराच्या दिवसांत संडास जपून वापरायचा, कारण आतलंही बाहेर जात नाही, टाकी आपल्याच पाण्याने भरते. आणि चौथं तोंड म्हणजे घरातलं भांडं. ऐन वेळी दुसरं काही हाताशी नसेल तर प्लास्टिकच्या जाड पिशवीत वाळू भरून ती भांड्यात दाबून बसवायची. आमच्याकडे दाराला चौदा पोती होती. त्यातली निम्मी पिशवीभर वाळू तिथे ठेवली असती तर... असो.

दोन गोष्टी करू नका मात्र. एक, पाईपचं तोंड कायमचं बुजवू नका. पुराच्या भीतीने गोणपाट कोंबून ठेवलेला पाईप मी पाहिलाय, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच. गॅस मग घरात येतो. उंच करायला वेळच नसेल आणि ऐन वेळी टोपण घालावं लागलं, तर तेवढे दिवस संडास बंद ठेवायचा आणि पाणी उतरलं की आधी ते टोपण काढायचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे पाईपचा एक जादा तुकडा आणि एक कपलर घरात ठेवणं. पाणी ४० फुटांवर गेलं की चढवायचा.

दुसरं, पूर येणार म्हणून टाकी उपसून रिकामी करू नका. २०२१ ला दादा तेच करणार होता, "जागा होईल" म्हणून. गाडी मिळाली नाही हे बरं झालं. जमीन पाण्याने फुगलेली असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते, निदान तिचे सांधे निघतात. आजकालच्या प्लास्टिकच्या टाक्यांचं तर बोलायलाच नको. उपसायचीच तर उन्हाळ्यात उपसा, आणि मग ती साध्या पाण्याने भरून ठेवा.

आणि पूर उतरल्यावर टाकीत माणूस उतरवू नका. हे मी "करू नका"च्या यादीत घातलं नाही, कारण ते चुकीपेक्षा मोठं आहे. २०१३ चा कायदा त्याला बंदी घालतो, तरी आपण दर वर्षी बातम्या वाचतो. पहिला माणूस आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो. आमच्या शेजारी पूर ओसरल्यावर एकजण म्हणत होते, पोरगं उतरून गाळ काढून देतंय, पाचशे रुपये घेतोय. दादाने जाऊन भांडण केलं. पोरगा निघून गेला, शेजारी अजून बोलत नाहीत. चालेल.

हा आपल्या घरापुरता प्रश्न नाही हेही मला त्या भांडणानंतर जास्त जाणवलं. पाणी उतरताना माझ्या टाकीतलं माझ्या बुटक्या पाईपमधून गल्लीत गेलं. तिथे लोक कमरेएवढ्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या आणायला चालत होते. एका घराने पाईप कापला की सगळ्या गल्लीचं पाणी नासतं. म्हणून हे नुसतं ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडू नये असं माझं मत आहे. नदीकाठी पूररेषा आखतात, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत घराला परवानगी द्यायची की नाही यावर आपण वर्षानुवर्षं भांडतोय. भांडू. पण जी घरं तिथे आधीच उभी आहेत, त्यांच्या टाकीचं झाकण आणि पाईपचं तोंड बघायला कुणी जातं का? दर मे महिन्यात नालेसफाई होते, फोटो येतात. त्याच वेळी गल्लीतून एक फेरी मारून बुटक्या पाईपांवर खडूने फुली मारता येईल. लोक चिडतील, पण पाईप वाढवतील. खर्च म्हणाल तर पीव्हीसीची एक लांबी, कपलर, दोन क्लॅम्प आणि मिस्त्रींची मजुरी. पुतणीच्या लग्नात दारावर जी फुलांची कमान होती तिच्या निम्म्यातही सगळं बसलं.

आमचा पाईप आम्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये नवीन केला. जुना बिडाचा तुकडा जोडता येईना, म्हणून ११० मिलीमीटरचा पीव्हीसी, भिंतीला धरून माडीच्या छताच्या वर नेला. आईने खालून बघितला. म्हणाली, "अजून थोडा वर घे." मिस्त्रींनी एक फूट वाढवला. गरज नव्हती, पण कुणी वाद घातला नाही.

जुना तुकडा अजून मागच्या भिंतीला टेकलेला आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दादा देत नाही.

व्हॉल्व्ह बसवलाय, पण तो वर्षातून एकदा उघडून साफ करावा लागतो, गाळ अडकला की तो अर्धवट उघडा राहतो. यंदा एप्रिलमध्ये राहून गेलं. मी दादाला फोन केला तर म्हणाला, मिस्त्रींचे डोळ्याचे ऑपरेशन झालंय, त्यांचा मुलगा येईल पुढच्या रविवारी. मीपण जाणार आहे. मिरजेच्या भाऊसाहेबांनी त्या दिवशी सांगलीला यावं, म्हणजे त्याच मुलाला पुढे मिरजेला घेऊन जाता येईल. जास्वंदीची कुंडी तेवढी बाजूला करून ठेव.